साधी वाक्यं कुठे आहेत?

"मॅडम, ही बाई वेडी आहे का हो? स्वतःच ठरवते आणि स्वतःच रडत बसते!"

प्रश्न विचारून ती उभीच राहिली. थाट असा, की गड जिंकलाय. सगळ्या वर्गाच्या माना तिच्याकडे वळल्या, कारण मागच्या वर्षापर्यंत या मुलीच्या तोंडून वर्गात "हजर" यापलीकडे शब्द फुटला नव्हता. घरी तिला टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडायच्या आत तिचं तोंड सुरू व्हायचं. शाळेच्या फाटकाशी आली की मात्र टकळीचं सूत तुटायचं. या वर्षी काय झालं कोण जाणे, सूत तुटेना. आई म्हणाली, "मुंगीला पंख फुटलेत." फुटले तर फुटले.

प्रश्न तसा तिचा नव्हताच. बाकावर तिच्या एका बाजूला मिरची बसायची, जिच्या जिभेला शाळेतले शिपाईसुद्धा घाबरत, आणि दुसऱ्या बाजूला सुस्ती, जी कवायतीच्या तासालाही उभ्या उभ्या डुलकी काढू शके. इंग्रजीचा तास संपायला अजून बराच वेळ होता आणि पुढे व्याकरण येणार हे दिसत होतं. "मॅडमना हे विचारून दाखव," मिरची कुजबुजली होती, "आठवडाभर तुझं दप्तर मी वाहते. पण तू कसली विचारतेस!"

'तू कसली विचारतेस' म्हटल्यावर टकळी बसून राहणार? झालं.

धडा एका जुन्या इंग्रजी गोष्टीचा होता. एका बाईचा नवरा वारलाय. दीर तिचं राहतं घर विकायला काढतो. आणि लेखक म्हणतो, घर जाण्याबद्दल तिने 'मेड अप हर माइंड'. सगळ्यांच्या दप्तरातल्या गाईडमध्ये ऐटीत छापलं होतं: 'तिने घर विकण्याचे ठरवले.' आणि लगेच पुढच्या ओळीत बाईसाहेब पडद्याआड तोंड लपवून रडतायत!

"माइंडला मेकअप केला असेल," सुस्ती डोळे न उघडता म्हणाली. "रडताना वाहून गेला."

वर्ग खदखदला. आता मॅडम बाहेर उभं करणार, हे नक्की होतं. पण मॅडमनी खडू खाली ठेवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"मला नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या.

हसू जागच्या जागी विरलं. शिक्षक असं बोलतात?

"गाईड लिहिणाऱ्यालाही माहीत नाही," मॅडम पुढे म्हणाल्या, "फक्त त्याने ते कबूल केलेलं नाही. माझा एक अंदाज आहे, पण अंदाज मी फळ्यावर लिहीत नाही. प्रश्न तुझा आहे ना? मग उत्तरही तूच आण."

"मी? कुठून?"

"वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या इंग्रजी पुस्तकांचं कपाट आहे. ती वाच. हे शब्द जिथे जिथे भेटतील तिथलं अख्खं वाक्य एकेका चिठ्ठीवर उतरव, खाली पुस्तकाचं नाव आणि साल. एका चिठ्ठीवर एकच वाक्य. शब्दकोश करणारे असंच करतात. महिनाअखेरीला आपली वाचनसभा आहे, आईवडील येतात, तिथे बोल."

टकळीने "हो" म्हटलं. म्हणजे तोंडाने म्हटलं, डोकं तोवर वर्गात पोचलंच नव्हतं. बाहेर आल्यावर मिरचीने मुकाट्याने तिचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मी दप्तरच उचलतेय. तू तर कपाट उचललंस."

वाचनालयाचे काका मागची खोली उघडायला नाखूश होते. जुडग्यातली चावी शोधत म्हणाले, "पोरी, हे कपाट उघडल्याचा तुझ्यापेक्षा वाळवीला जास्त राग येईल." पुस्तकांची पानं चहात बुडवून वाळवल्यासारखी पिवळी, अक्षरं मुंगीएवढी आणि वाक्यं इतकी लांब की सुरुवातीला निघालेला माणूस शेवटाला म्हातारा होऊन पोचेल. पहिल्या दिवशी तिला काही म्हणजे काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कप्तानाने तिचा हात धरला. आकाश भरून आलेलं, छत्री नाही, गाव लांब. आणि या कप्तानाने भिजण्याबद्दल 'मेड अप हिज माइंड' केलं होतं.

भिजायचं कोण ठरवतं? कोणी नाही! कप्तान नुसता म्हणत होता, आता भिजणं आलंच, तर मन घट्ट करा आणि चला.

टकळी खुर्चीवरून एवढ्या जोरात उठली की काकांची झोप मोडली.

मग रांगच लागली. एका मोठ्या बहिणीने धाकटीचं लग्न आधी होण्याबद्दल मन घट्ट केलेलं. एका पाद्र्याने आयुष्यभर गार जेवणाबद्दल. एका मुलाने छडी खाण्याबद्दल. सगळे एकाच माळेचे मणी! पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणायला या लोकांकडे एवढे तीन-चार शब्द होते, आणि गाईडवाला सगळ्यांना 'ठरवले, ठरवले' म्हणत सुटला होता.

चिठ्ठ्यांचा प्रश्न दुकानात सुटला. तिच्या आईबाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि वरच्या मजल्यावर घर. काचा ज्या छोट्या कागदी पाकिटांतून येतात, ती रिकामी पाकिटं ढिगाने पडलेली असत. एका बाजूला काचेचा नंबर छापलेला, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर तिने कप्तान लिहिला, पाद्री लिहिला, आणि फ्रेमा ज्या लांबट खोक्यात येत त्यात पाकिटं ओळीने उभी केली.

"अगं, ही पाकिटं मी काचा परत पाठवायला ठेवली होती," आई बारीक पेचकसाने कुणाच्या तरी चष्म्याची दांडी घट्ट करत म्हणाली. "आता गिऱ्हाइकाला काय कप्तानात गुंडाळून देऊ?"

"दे की. भिजणार नाही काच."

"बघा हो, कशी बोलते!"

बाबा काच घासायच्या चाकापाशी होते. चाक थांबवून त्यांनी काच उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. "बोलू दे. चार दिवस आहेत बोलायचे. एकदा विज्ञान घेतलं की मान वर करायला फुरसत मिळायची नाही."

हे असं होतं. टकळी पुढच्या वर्षी विज्ञान घेणार, मग डोळे तपासायचं शिक्षण घेणार आणि मग याच दुकानात बसणार. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, तिला आठवत नव्हतं. रोज सकाळ होते तसं ते होतं. दुकानाच्या मागे बाबांनी तिच्यासाठी खोली बांधायला घेतली होती. खिडकी नसलेली, भिंती काळपट रंगवलेल्या, समोर अक्षरांचा तक्ता टांगलेला. सध्या डोळे तपासायला एक ताई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि पुढच्या काउंटरपाशीच पडदा ओढून काम भागवायच्या. "पोरगी शिकून आली की आत बसेल," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. टकळी त्या खोलीवरून जाताना नेहमी जरा भरभर जायची. विज्ञानात तिला गुण बरे पडत. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं, म्हणून ती कधी हो म्हणाली नव्हती आणि कधी नाहीही. शाळेत विषय कळवायची मुदत वाचनसभेनंतरच्या सोमवारी संपत होती.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले. डाव्या डोळ्याला सुईचं भोक दिसत नाही म्हणाले. "उजवा ठणठणीत आहे. त्याला हात लावू नका, उगाच खर्च."

"उजवा ठणठणीत आहे हे कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं. "डावा?"

शिंपीकाकांसकट सगळे हसले. ताईंनी पडदा ओढला आणि आधी उजवाच डोळा तपासायला घेतला. टकळीला हा किस्सा इतका आवडला की दुसऱ्या दिवशी तिने तो बाकावर नकलेसकट करून दाखवला.

महिना सरत आला तेव्हा खोकं भरलं होतं आणि टकळी जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. शाळा सुटल्यावर ती शिक्षकांच्या खोलीत शिरली आणि खोकं मॅडमच्या टेबलावर ठेवलं, नवरीचे दागिने ठेवावेत तसं.

"मॅडम, गाईड साफ चुकलंय! पूर्वी याचा अर्थ ठरवणं असा नव्हताच. मन घट्ट करणं, एवढाच होता. ठरवणं नंतर कोणीतरी घुसडलं. मी सभेत हेच सांगणार आहे."

मॅडमनी एकेक पाकीट काढून वाचलं. कप्तानाला हसल्या. पाद्र्याला जास्त हसल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "छान आहेत गं. आणि साधी वाक्यं कुठे आहेत?"

"साधी म्हणजे?"

"ठरवण्याच्या अर्थाची. आपण आज वापरतो तशी."

"ती काय, वाटेत लागायची की. भरपूर. पण ती तर सगळ्यांना माहीतच आहेत, म्हणून नाही..."

ती थांबली. स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं ते तिच्या कानांना आत्ता ऐकू आलं.

"म्हणजे होती," मॅडम म्हणाल्या.

"होती," टकळीचा आवाज एकदम लहान झाला. "याच पुस्तकांत."

"मग 'पूर्वी हा अर्थ नव्हताच' हे कुठून आलं?"

उजवा ठणठणीत आहे हे कोण म्हणालं? डावा? टकळीच्या कानात बाबांचा आवाज वाजला आणि तिला जमीन दुभंगावीशी वाटली. चष्म्याच्या दुकानात जन्मलेली मुलगी, आणि महिनाभर एकच डोळा तपासत बसली! वर त्याच किश्श्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या!

"हे काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी इथे अडखळतो," मॅडम खोकं बंद करत म्हणाल्या. "सहा पायांची शेळी दिसली की माणूस गावभर सांगत सुटतो. चार पायांच्या किती गेल्या ते कोण मोजतंय? तू असं कर, सभेत सहा पायांच्या दाखव. 'काही गमतीदार जुनी वाक्यं' म्हण. लोक हसतील, टाळ्या वाजवतील. यात खोटं काही नाही."

"पण मग ती बाई वेडी होती की नव्हती, हे कुठे कळतंय?"

"नाही कळणार."

"मग मी परत वाचते."

"सगळं? सभा शनिवारी आहे."

"मॅडम," टकळी खोकं काखोटीला मारत म्हणाली, "कपाट उघडं आहे आणि काका झोपलेले आहेत. मला कोण अडवतंय?"

मिरचीने हे ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "एवढं सगळं परत? अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुला कळलं तर गिळून टाक. लोक काय काय गिळतात."

पण दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत टकळीच्या समोरच्या खुर्चीवर मिरची होती आणि एक जाडजूड पुस्तक नाकासमोर धरून ओरडत होती, "हे घे, एक साधं सापडलं! किती साधं आहे बघ, माझ्या मावशीसारखं!" सुस्तीसुद्धा आली. तिने एक पुस्तक उशाला घेतलं आणि त्यातलं वाक्य जागी झाल्यावर वाचून दाखवलं, तेही बरोबर निघालं.

मैत्रिणी गेल्यावर टकळी एकटीच उरायची. पहिल्या वाचनात मजा होती. प्रत्येक पानाआड कुणीतरी दडलेलं असायचं. आता कप्तान भिजणार हे तिला ठाऊक होतं. आता ती शोधत होती ती वाक्यं, ज्यांच्यावरून कुणाचीही नजर घसरत जाईल. त्याने जायचं ठरवलं. तिने लिहायचं ठरवलं. त्यांनी घोडा घ्यायचा ठरवला. कंटाळवाणी, सरळ नाकाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेली वाक्यं. मान अवघडली, बोटांना शाई लागली, नजर पुसट झाली. पुढच्या पानावर काही नसणार हे ठाऊक असूनही तिचं बोट पान उलटत होतं. आणि मधेच कधीतरी तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, पण तिने घड्याळाकडे पाहिलेलंच नाही. रसायनशास्त्राच्या तासाला ती घड्याळाचा काटा डोळ्यांनी ढकलत असे.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. टकळीने! तिलाच त्याचं नवल वाटलं.

शनिवारी सभेला सभागृह भरलं होतं. आई पुढे बसली होती. बाबा तिसऱ्या रांगेत होते आणि शेजारच्या गृहस्थांचा चष्मा मागून घेऊन आपल्या रुमालाने पुसून देत होते, कारण मळलेली काच बघवत नसे त्यांना. टकळी मंचावर गेली. हातात दोन खोकी. आधी तिने धड्यातल्या रडणाऱ्या बाईची गोष्ट थोडक्यात सांगितली.

"या खोक्यात मजेशीर वाक्यं आहेत," ती म्हणाली, "आणि या खोक्यात कंटाळवाणी. मी आधी फक्त मजेशीर आणली होती आणि छाती फुगवून सांगणार होते की जुन्या इंग्रजीत या शब्दांचा अर्थ फक्त मन घट्ट करणं असा होता. सांगितलं असतं तर तुम्ही टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मग मी कंटाळवाणी मोजली." तिने दुसरं खोकं वर धरलं. ते जास्त जड होतं. "आमच्या कपाटापुरतं बोलायचं तर दोन्ही अर्थ आधीपासून एकाच घरात राहत होते. एकच सेनापती एका पानावर हल्ला करायचं ठरवतो, आणि पुढच्या प्रकरणात त्याच शब्दांत हरण्याबद्दल मन घट्ट करतो. दोन भावंडंच म्हणा. पुढच्या पुढच्या सालांच्या पुस्तकांत मन घट्ट करणारं भावंड कमी कमी दिसायला लागतं. भांडून गेलं नाही कुठे, नुसतं हळूहळू घराबाहेर पडलं."

"मग त्या बाईचं काय?" मागून कोणीतरी विचारलं. शिंपीकाका होते, बाबांच्या आग्रहाने आलेले, नव्या चष्म्यात. "ती वेडी होती का?"

"नाही हो काका. घर विकायचं तिने ठरवलंच नव्हतं. ते दिराने ठरवलं. तिने नुसतं मन घट्ट केलं. म्हणून रडली." तिने दोन्ही खोकी शेजारी शेजारी ठेवली. "गाईडमध्ये दोघांना एकच शब्द वापरलाय. पण ठरवणारा वेगळा असतो आणि मन घट्ट करणारा वेगळा."

टाळ्या पडल्या. टकळीला त्या लांबून ऐकू आल्या. तिची नजर बाबांवर होती. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला होता आणि तो पुसत होते, जरा जास्तच वेळ.

घरी परतताना आई सारखी बोलत होती आणि टकळी गप्प होती. असं आजवर कधी झालं नव्हतं. दुकानाच्या दारात भलंमोठं खोकं उभं होतं. दुपारीच आलेलं.

"आली!" बाबा लहान मुलासारखे पुढे झाले. पुठ्ठा टराटरा फाडला. आत खुर्ची होती, डोळे तपासायची, गोल फिरणारी, वर-खाली होणारी, काळ्या गादीची. तिघांनी मिळून ती मागच्या खोलीत नेली. तक्त्यासमोर ती अशी बसली, जणू खोली तिच्यासाठीच बांधली होती. बांधली होतीच.

"बस," बाबा टकळीला म्हणाले. "पहिला मान तुझा."

"नको. तुम्ही बसा, बाबा."

"मी कशाला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"बसा ना. आई, तूसुद्धा आत ये. दिवा लाव."

बाबा बसले. पाय जमिनीला पुरेनात, तसे ते जरा ओशाळून हसले. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हातात अजून सभेची कार्यक्रमपत्रिका. दिवा लागला तसा समोरचा तक्ता उजळला, सगळ्यात वर एकच मोठं अक्षर, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी.

टकळी त्या दिवशी वर्गात उभी राहिली होती तशी तक्त्याशेजारी उभी राहिली. तिने दोन्ही खोकी छातीशी धरली. या वेळी पैज लावणारं कोणी नव्हतं.

"सोमवारी शाळेत विषय कळवायचाय," ती म्हणाली. "मी विज्ञान घेणार नाही. भाषा घेणार."

खुर्ची किंचित करकरली. आई म्हणाली, "अगं, आज टाळ्या मिळाल्या म्हणून..."

"टाळ्यांमुळे नाही, आई. टाळ्या मजेशीर वाक्यांना पण मिळाल्या असत्या. मी दुसऱ्यांदा वाचायला बसले ना, तेव्हा ठरलं. तेव्हा मजा नव्हती. मान मोडली होती, आणि पुढच्या पानावर काही नाही हेही माहीत होतं. तरी उठावंसं वाटेना. असं मला रसायनाच्या तासाला एकदाही झालेलं नाही, आणि या खोलीत तर कधीच होणार नाही. बाबा, ही खोली फार सुंदर झालीय. म्हणून इतके दिवस मी गप्प बसले होते."

बाबा काही बोलायला गेले. तिने मान हलवली, कारण तिचं संपलं नव्हतं.

"खुर्ची परत पाठवू नका. ताईंना दोन दिवसांऐवजी रोज यायला विचारा, त्यांना तो पडदा ओढून वैताग आलाय, त्या स्वतः म्हणाल्यात मला. सुट्टीच्या दिवशी काउंटर मी सांभाळीन. काचा पुसायला, दांड्या घट्ट करायला मी आहेच. पण मी शब्दच तपासणार, बाबा. दोन्ही डोळ्यांनी. हे मी ठरवलंय, आणि मीच ठरवलंय."